जड आवाज कुठं पाठवायचा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वूफर सरकवणं. शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर जरा बरं काम काढलं असतं. देवाला गेलो असतो, निदान बाहेर जाऊन टिक्की खाल्ली असती. पण रविवारची दुपार होती, बायको स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीला हात लावून उभी होती आणि मी हॉलमध्ये एक काळं खोकं ढुंगणानं ढकलत होतो. वाकून ढकलायचं वय राहिलेलं नाही.

ते सगळं सामान मुलीनं दिलेलं. तिनं घर बदललं, नवीन सेट घेतला आणि जुना आमच्या नोएडाच्या फ्लॅटवर पाठवून दिला. पाच लहान स्पीकर, ते चालवणारं एक मशीन आणि हे काळं खोकं, म्हणजे वूफर. मी नको म्हणत होतो. पण बायकोला कमी ऐकू यायला लागलं होतं. बारीक आवाज गेला होता, जाड आवाज येत होता. मी ओरडलो तर ऐकू जायचं, मुलगी फोनवर बोलली की नाही. टीव्हीवरच्या बायका नुसती तोंडं हलवतात, म्हणायची.

बसवायला आलेल्या माणसानं तारा जोडल्या, चहा घेतला आणि गेला. आवाज मोठा झाला, पण समजेना. सगळं बोलणं कांबळ्याखालून आल्यासारखं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, मोबाइलचा कॅमेरा टीव्हीवर धरा आणि मी सांगते ती बटणं दाबा. तिनं बघितलं. त्या माणसानं मशीनमध्ये सगळ्या स्पीकरांपुढं ‘लार्ज’ ठेवलं होतं. ती म्हणाली, सगळे स्मॉल करा. मी म्हटलं, आपल्या हातानं आपल्या वस्तूला लहान कशाला म्हणायचं? बायको सोफ्यावरून म्हणाली, “तुम्हालापण स्मॉल करून टाका. घरातला गोंगाट तरी कमी होईल.”

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या. मुलीनं समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. लहान स्पीकरला जड आवाज झेपत नाही. झेपत नाही ते त्याच्या डोक्यावर दिलं की तो हलकं कामसुद्धा बिघडवतो. म्हणून मशीनमध्ये एक रेघ मारायची. रेघेच्या खालचा जड आवाज वूफरकडं, वरचा ज्याचा त्याच्याकडं. आमच्या गेस्ट हाऊसमध्ये तेच होतं. जड पेट्या मागच्या लिफ्टनं, आणि बाईसाहेबांची पर्स बाईसाहेबांच्या हातात, पुढच्या जिन्यानं. पर्सवाल्याला पेटी दिली तर दोन्ही पडतात. मुलगी म्हणाली, रेघ ऐंशीवर ठेवा. ठेवली.

आणि खरंच, बोलणं सुटं झालं. बायको एकदम सरळ होऊन बसली. म्हणाली, ही सासू एवढं घाणेरडं बोलते होय, मला वाटायचं गरीब आहे बिचारी.

पण दुसरंच दुखणं सुरू झालं. जड आवाज आला की स्वयंपाकघरात भांडी वाजायची. वूफर हॉलच्या कोपऱ्यात, आणि त्याच भिंतीला पलीकडून आमची मांडणी ठोकलेली. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये असताना घेतलेली स्टीलची मांडणी. वर ताटं उभी, खाली ताटल्या, त्याखाली वाट्या आणि पेले. मुलगी दिल्लीत वाढली, ती तिला प्लेट स्टँड म्हणते. बायको चिडायची. म्हणायची, त्या खोक्याला माझ्या भांड्यांशी काय करायचंय?

म्हणून त्या रविवारी आम्ही कामाला लागलो. मशीनमधून एकट्या वूफरला आवाज सोडता येतो, तपासण्यासाठी. घूंऽऽ असा, पाण्याची मोटर लांब कुठंतरी चालू असल्यासारखा. तो मी लावून ठेवला आणि खोकं हातभर सरकवलं की विचारायचो, आता? ती आतून म्हणायची, वाजतंय. आता? वाजतंय. आता? ताटं थांबली, वाट्या आहेत अजून. तिला भांड्यांचा बारीक आवाज नीट ऐकू येत नव्हता, ती हातानं सांगत होती. कुठल्या वाटीची कड कुठल्या वाटीला लागते ते तिला हातानं कळत होतं. शेवटी खोकं कोपऱ्यातून निघून खिडकीपाशी सोफ्याच्या बाजूला आलं, तेव्हा ती म्हणाली, “हां. मेलं एकदाचं. आता तिथनं हलवू नका.”

मग आम्ही चहा घेतला. काय बोललो ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी छातीत कळ आली, कॅब बोलावली, कॅबमध्येच संपलं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. लिहून ती कॅब काही लवकर पोचणार नाही.

माणसं येऊन बसायला लागली तेव्हा कोणीतरी सोफा सरकवून सतरंज्या अंथरल्या. तेराव्यानंतर मुलीनं आणि जावयानं सगळं परत जागेवर लावलं आणि गेली. मुलगी म्हणत होती, गुडगावला चला. मी गेलो नाही. टीव्ही पुष्कळ दिवस लावलाच नाही. हिवाळा आला. नोएडाच्या धुक्यात समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही, दुपारी चारला दिवे लावावे लागतात. माणसाचा आवाज हवा म्हणून एका संध्याकाळी टीव्ही लावला. कुठलातरी सिनेमा होता. त्यात मालगाडी पुलावरून जात होती.

आणि स्वयंपाकघरात भांडी वाजली.

खळखळ नाही. बाई जेवणं झाल्यावर धुतलेली ताटं एकेक करून उभी लावते, तशी. मी टीव्हीकडं बघत होतो आणि माझ्या तोंडातून गेलं, “अगं राहू दे, मी लावतो.” रोज म्हणायचो मी असं. लावायचो नाही कधी, पण म्हणायचो.

म्हटलं आणि मग अंगावर काटा आला. मालगाडी गेली, भांडी थांबली. मी उठून आत गेलो. दिवा लावला. काही नाही. ताटं जागेवर. तिनं शेवटच्या रात्री लावली तशी. तेराव्यापर्यंत पत्रावळी होत्या आणि नंतर मी पातेल्यातनंच जेवायचो.

मी भुतांना मानणारा माणूस नाही. गेस्ट हाऊसच्या रिकाम्या मजल्यांवर निम्मं आयुष्य काढलंय, कोणी भेटलं नाही. हॉलमध्ये आलो आणि बघितलं. वूफर परत कोपऱ्यात. सामान लावताना जावयानं ठेवला असणार, त्याला काय माहीत. म्हणजे भूत वगैरे काही नाही. कळलं मला. लगेच कळलं. पण कळून काय झालं? मी त्याला हात लावला नाही. खुर्चीत बसलो आणि सिनेमा मागं नेऊन मालगाडी परत लावली.

इथून पुढचं सांगायला जरा लाज वाटते, पण सांगतो.

आधी मी गडगडाटाचे सिनेमे शोधायचो. विमानं, भूकंप, असलं काही. मग वाटलं, ही घरात वावरते ती काय भूकंपात वावरायची? मशीनचा मेनू मला तोपर्यंत येत होता. मी रेघ वर नेली. ऐंशीची शंभर केली, मग एकशेवीस. रेघ वर नेली की पुरुषांच्या बोलण्यातला जाड भागसुद्धा वूफरकडं जातो. बोलणं परत बिघडतं, पण मला कुठं ऐकायचं होतं ते. संध्याकाळच्या हिंदी बातम्यांचा एक माणूस आहे, घसा असा की विहिरीतून बोलतोय. तो बोलायला लागला की भांडी हलकी हलकी वाजायची. तो थांबला की थांबायची. बातम्यात बाई आली की सगळं शांत. मग परत तो. अगदी बायको आत काम करतेय आणि मधे थांबून काहीतरी चाखून बघतेय, असं.

मी स्वयंपाकघराकडं पाठ करून बसायचो. तोंड केलं की नुसती मांडणी दिसते.

कधी मी काही विचारायचो. मीठ संपलंय का, असलं. उत्तर यायचं नाही हे मला माहीत होतं. तशीही तिला ऐकू यायचं नाही.

एकदा मला दही खायला वाटी हवी होती म्हणून मांडणीतली काढली. संध्याकाळी आवाज वेगळाच. उघडा, मोकळा. दुसऱ्याच कोणाच्या घरातला. मी वाटी धुवून परत ठेवली, तरी आवाज येईना. मग दुसऱ्या दिवशी टीव्ही लावून, आत जाऊन, वाटी थोडी इकडं थोडी तिकडं फिरवत बसलो. सगळी दुपार गेली. जमलं तेव्हा घाम फुटला होता, हिवाळ्यात. त्या दिवसापासून मांडणीतलं काही काढलं नाही. पुढच्या गल्लीतल्या बाईकडून जेवणाचा डबा लावला आणि डब्याच्याच झाकणात जेवायला लागलो. पाणी बाटलीतून.

कामवाली म्हणाली, अंकल, बर्तनांवर धूळ बसलीय, धुऊन टाकते. मी तिला म्हटलं, हात नहीं लगाना. तिनं माझ्याकडं बघितलं. मग एका संध्याकाळी ती उशिरानं आली, बातम्या चालू होत्या. झाडू घेऊन आत गेली आणि तशीच बाहेर आली. म्हणाली, “अंदर आंटी हैं.” ओरडून नाही, घाबरून नाही, पाहुणे आलेत म्हणून सांगावं तसं. मी म्हटलं, हैं, तो? तिनं झाडू दाराला टेकवला, चप्पल घातली आणि परत आली नाही.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हटलं, मला एकट्यालाच नाही वाटत.

मुलगी यायची अधूनमधून. ती येणार असली की मी टीव्ही बंद ठेवायचो. माझं माझ्याजवळ. तिनं डब्याच्या झाकणाबद्दल विचारलं तर सांगितलं, भांडी घासायचा कंटाळा येतो. तिला ते पटलं, कारण मी आळशी आहे हे तिला आईनं लहानपणापासून सांगितलेलं.

वर्षश्राद्ध आलं. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती, ती आदल्या दिवशी संध्याकाळीच आली. जवळ किल्ली होती, दार उघडून आत. बातम्या चालू होत्या. मला बंद करायला वेळ मिळाला नाही. तिनं पर्स खाली ठेवली, चप्पल काढायला वाकली, तेवढ्यात तो विहिरीतला माणूस बोलायला लागला आणि आत भांडी वाजली.

ती वाकलेली तशीच म्हणाली, “आले गं. ठेव तू, मी करते.”

आणि सरळ आत गेली.

मला रिमोट सापडेना. मांडीवरच होता, पण सापडेना. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. दिवासुद्धा लावला नाही तिनं. आत भांडी वाजतायत, बाहेर तो बोलतोय, आणि मी खुर्चीत पाठमोरा बसलेला. शेवटी टीव्ही बंद केला. भांडी थांबली. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड शाळेतून आलेल्या पोरीसारखं झालं होतं, आणि तिचे केस आता माझ्यापेक्षा थोडेच कमी पांढरे आहेत.

मी सगळं सांगून टाकलं. वूफर, कोपरा, रेघ, एकशेवीस. वाटीचंसुद्धा. वाटलं, आता रडेल नाहीतर मला डॉक्टरकडं न्यायचं म्हणेल. तिनं रिमोट माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “परत लावा.”

मी लावलं.

ती आत जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून, मांडणीच्या समोर. बातम्या संपल्या. ती म्हणाली, दुसरं लावा. मी दुसरं लावलं. मग मशीनमधला तो नुसता वूफरचा आवाज लावायला सांगितला, तो बायकोबरोबर लावलेला. तो तिला आवडला नाही. म्हणाली, हे खूप सारखं वाजतं, आई मधे थांबायची. परत बोलणारा माणूस शोधला. तिनं मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं. मोबाइलमध्ये जड आवाज येतच नाही, नुसतं चमचे सांडल्यासारखं आलं. तिनं ते पुसून टाकलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, आज येत नाही. उद्याचंही बघते.

डबा आला. तिनं पोळी, म्हणजे इथली ती रोटी, टिश्यू पेपरवर घेतली आणि भाजी झाकणात. मला डब्यातच भाजी ठेवली. एवढी ताटं समोर उभी, आणि आम्ही बापलेक स्वतःच्या घरात स्टेशनवर बसून जेवल्यासारखे जेवत होतो. भाजी टिश्यूवर सांडली, टिश्यू फाटला, तिच्या मांडीवर डाग पडला. ती उठून ताटली घेईल असं मला वाटलं. हातसुद्धा उचलला होता तिनं, सवयीनं. मग खाली घेतला.

म्हणाली, “बाबा, हे कधीच हलवायचं नाही. मी आता दर शनिवारी येईन. मला फक्त इथं बसू द्या.”

मी हो म्हटलं.

मग मी अंथरुणावर पडून राहिलो. माझं ठीक होतं. मी म्हातारा, मला दुसरं काय काम आहे? पण हिला नवरा आहे, नोकरी आहे, हसायला येतं हिला. किंवा यायचं. ती दर शनिवारी त्या फरशीवर येऊन बसणार. आणि माझ्यानंतर? मी गेल्यावर हिनं काय करायचं होतं? फ्लॅटला कुलूप लावून, मांडणी आत ठेवून, शनिवारी शनिवारी येऊन बातम्या लावायच्या होत्या? मी तिला ते ऐकवलं नसतं तर ती एकदा रडली असती आणि उद्या श्राद्ध करून घरी गेली असती. कामवाली माझ्यापेक्षा शहाणी, तिनं चप्पल घातली.

वूफर सरकवावा, रेघ खाली आणावी, असं मनात आलं. पण ते परत वर नेता येतं. मला मी ठाऊक आहे. बटण परत दाबता येतं, खोकं परत ढकलता येतं.

सकाळी लवकर उठलो. मुलगी हॉलमध्ये सोफ्यावर झोपली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला आणि मांडणीतलं पहिलं ताट उचललं. मग दुसरं. हळू काढायची असं ठरवलं होतं, पण तिसरं निसटलं आणि सिंकमध्ये आपटलं. मग म्हटलं जाऊ दे. सगळी काढली. ताटं, ताटल्या, वाट्या, पेले. धूळ चिकट झाली होती, वर्षभराच्या फोडणीशिवायची धूळ इतकी चिकट कशी होते कोण जाणे. नळ मोठा सोडला आणि घासायला लागलो. एक पेला तर कुठला, आपला की कोणाचा, तेच ओळखेना. तोही घासला.

मुलगी दारात आली. चेहरा बघितला मी तिचा. आधी भांड्यांचा आवाज ऐकून आनंद झाला होता तिला, तो दिसला. मग तिला मी दिसलो, सिंक दिसलं, रिकामी मांडणी दिसली.

“बाबा, काय केलंत हे?”

मी म्हटलं, “पोहे भिजवलेत. मला फोडणी जमत नाही, करपते. तू कर.”

ती तिथंच उभी. मी पुढचं ताट घेतलं. मग तिनं माझ्या हातातून घासणी काढून घेतली आणि म्हणाली, सरका, निम्मा साबण तसाच राहतोय.

मी सरकलो. पुसायला फडकं शोधलं, मिळेना, म्हणून पंच्यानं पुसायला लागलो. पुसलेली भांडी ओट्यावर पालथी घालत गेलो, जशी हातात येतील तशी. मग कढई गॅसवर ठेवून, तेल कुठं आहे ते तिला विचारलं.